सासूबाईंचे टाळ

आमचं काशीद समुद्राला लागून. पांढरी वाळू, सुरूची झाडं, मागं भाताची खाचरं. गाज चोवीस तास. एक दिवस सासूबाईंनी विचारलं, "समुद्र आटला का गं?" आम्ही हसलो. मग लक्षात आलं, त्यांचे कान गेले.

एकादशीच्या भजनात तीस वर्षं टाळ धरलेली बाई. ठेका चुकू लागला तसे त्यांनी टाळ खुंटीला लावले. कानाचं यंत्र आणलं, पण भजनाच्या गलक्यात ते सगळंच मोठं करतं म्हणून डबीत गेलं. (ते परत काढायला लावायचं आहे, हेही सांगते.)

दिवाळीत कॉलेजातली लेक घरी आली. तिच्या लॅपटॉपवर एक गोल होता. टाळी वाजवली की फुगायचा. मी म्हटलं, "मला शिकव. आजीसाठी." मी दहावी झालेली, पण रांगोळीचे ठिपके मोजणारीला आकड्यांचं कसलं भय? 'पी-फाइव्ह' नावाचं साधन फुकट मिळतं. आज्ञा इंग्रजीत लिहायच्या, आणि एक कंस राहिला की चित्र ठप्प!

लॅपटॉप माईकमधल्या आवाजाचे सेकंदाला साधारण ४४,१०० आकडे करतो. आकडे मोठे, तर गोल मोठा. ओटीवर लावून पाहिलं तर गोल कायम फुगलेला. गाज, दुसरं काय! मग चाळण लावली. तांदूळ, कणी, कोंडा निराळा करावा तसे भरड आणि बारीक आवाज वेगळे करायचे. ही युक्ती फूरिये या फ्रेंच गणित्याच्या १८२२ सालच्या ग्रंथातली, ग्रंथ उष्णतेवरचा. ती झटपट करायची रीत कूली आणि टूकी यांनी १९६५ साली छापली, म्हणून गाणं चालू असतानाच हिशेब होतो. पखवाजाची धूम खालच्या पट्टीत, टाळ वरच्या. गाज सगळीकडे पसरलेली. ती आधी मिनिटभर मोजून प्रत्येक पट्टीतून वजा केली.

आवाज डोळ्यांनी पाहणं तसं नवं नाही. सर सी. व्ही. रामन यांनी १९३४ च्या निबंधात मृदंगाच्या पुडीवर बारीक वाळू टाकून उमटलेल्या नक्ष्या दाखवल्या आहेत. वाळू आमच्या दारात ढीगभर, पण आमच्या पखवाजवाल्या भाऊजींनी ती पुडीवर टाकू दिली असती थोडीच!

कार्तिकी एकादशीला देवळात गोल नाचला. पोरं खूष. सासूबाई मात्र फरशीवर तळहात टेकून बसलेल्या. म्हणाल्या, "सूनबाई, तुझा गोल मागून उठतो. ठोका हाताला आधी लागतो."

खरंच होतं. चित्र थरथरू नये म्हणून दर नव्या मापात मी ऐंशी टक्के जुनं माप मिसळत होते. दिसायला छान, पण ताल हुकलेला. ऐकू येणाऱ्या आम्हां कुणाला ते कळलं नव्हतं. घरी येऊन बदललं: फुगताना लगेच फुगायचं, उतरताना सावकाश.

पुढच्या एकादशीला त्यांनी खुंटीवरून टाळ काढले. दोनदा चुकल्या. तिसऱ्या अभंगाला लॅपटॉपची बॅटरी संपली. मी घाईघाईनं वायर शोधू लागले. वळून पाहिलं, तर पडदा काळा, आणि तळपाय फरशीला टेकवून सासूबाईंचे टाळ चालूच.