धुराची राखण

एप्रिल-मेमध्ये वरवट बकालहून सातपुडा दिवसा दिसत नाही. धूळ आणि ऊन यांनी उत्तरेचं आभाळ पांढुरकं होऊन जातं आणि तिकडे डोंगर आहे ही केवळ माहिती उरते. त्या दिवसांत सातपुडा दिसतो तो रात्री. गच्चीवर अंथरुणं टाकली, वारा थोडा निवला की काळोखात उंचावर एक तांबडी, तुटक रेघ उमटते. कधी ती सरळ असते, कधी डोंगराच्या अंगाला वळसा घालून खाली उतरते. घरातली मोठी माणसं म्हणायची, ‘आज डोंगरानं माळ घातली.’ आम्ही मुलं उशीवर हनुवटी ठेवून ती माळ बघत झोपी जायचो. वणवा इतक्या लांबून सुंदर दिसतो. त्याची धग लागत नाही, धूर लागत नाही, कोणाचं ओरडणं ऐकू येत नाही. खालच्या गावांना तो वर्षानुवर्षं करमणुकीसारखा वाटत आला, याचं मला आता फार वाईट वाटतं.

ती माळ जिथे पेटते त्या बाजूला एक रात्र काढायची इच्छा मनात बरीच वर्षं होती. संधी मिळाली ती बुद्ध पौर्णिमेची. आमच्या संग्रामपूर तालुक्याच्या उत्तर टोकाला अंबाबारवा अभयारण्य आहे. 1997 साली घोषित झालेलं हे सुमारे 127 चौरस किलोमीटरचं जंगल आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वैशाखी पौर्णिमेला पाणवठ्याजवळच्या मचाणांवर माणसं बसवून प्राण्यांची नोंद करण्याची वनखात्याची रीत जुनी. अलीकडे तिला ‘निसर्गानुभव’ म्हणतात आणि वनखात्याचा माणूस सोबत देऊन सामान्य लोकांनाही रात्रभर बसू देतात. वरवट बकालहून बावनबीर, टुणकी करत सोनाळ्याला जायचं, तिथून आत. पाऊस-पिकाचं भाकीत सांगणारी भेंडवळची घटमांडणी अक्षय्यतृतीयेला होऊन गेलेली असते. त्यामुळे सोनाळ्यापर्यंतच्या प्रवासात पाऊस लवकर की उशिरा, कपाशीला भाव किती, हीच चर्चा चालू होती. वनखात्याच्या नाक्यापुढे ती थांबली. मोबाइलची रेंजही तिथेच गेली.

माझ्या वाट्याला मचाणाऐवजी एक लोखंडी मनोरा आला. कड्याच्या टोकाला तो उभा होता. खाली नाल्यात पाणवठा, मागे उतारावर साग, आणि दक्षिणेला सगळं मोकळं. मनोरा जुना, पण नुकताच दुरुस्त केलेला. गंज खरवडून हिरवा रंग दिला होता, कुजलेल्या फळ्या काढून नव्या ठोकल्या होत्या आणि त्यांना अजून ओल्या लाकडाचा वास होता. शिडीच्या खालच्या पायऱ्या झिजून मधोमध चकचकीत झाल्या होत्या. त्या मात्र बदलल्या नव्हत्या. वर चार माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी जागा, वर पत्रा, चारही बाजूंना कमरेएवढा कठडा. सोबतीला एक अंगारी होते. आगीच्या हंगामात वनखातं जी रोजंदारीची माणसं लावतं, त्यांना इकडे अंगारी म्हणतात. पन्नाशी ओलांडलेले, कोरकू, बोलायला वऱ्हाडी. मी त्यांना काका म्हणत होतो, ते मला भाऊ.

पहिल्या अर्ध्या तासात एक गोष्ट लक्षात आली. मी पाणवठ्याकडे तोंड करून बसलो होतो आणि काका पाणवठ्याकडे पाठ करून. त्यांची नजर डोंगरांच्या कडांवरून हळूहळू फिरायची. एका टोकाला पोचली की थांबायची आणि परत मागे यायची. मी विचारलं, जनावर येईल ना तिकडून? ते म्हणाले, ‘जनावर येते आन् जाते भाऊ. मी धुराची राखण करतो.’

मनोरा बांधला जातो तो मुळात यासाठी. वाघ दिसावा म्हणून आपण वर चढतो, पण त्याची उंची ठरते ती कडांपलीकडचा धूर दिसावा या हिशेबानं. आपल्या राज्यात आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. त्याआधी थंडीतच जाळरेषा काढतात. म्हणजे रस्त्यांच्या आणि हद्दीच्या कडेनं पट्टे साफ करून, गवत-पाला मुद्दाम जाळून टाकतात, पुढे आग आली तर तिला खायला काही मिळू नये म्हणून. नंतर सागाची पानगळ सुरू होते. सागाचं एक पान हातात घ्या. ताटाएवढं, वाळून कडक झालेलं, कडा वर वळलेल्या. जमिनीवर ते सपाट पडत नाही, कडांवर टेकून राहतं आणि त्याच्याखाली हवा खेळते. अशा पानांचा घोट्याच्या वर येणारा थर मैलोगणती पसरलेला असतो. आपल्याकडची आग झाडांच्या शेंड्यांवरून धावत नाही, ती या पाल्यातून जमिनीलगत सरपटते. मोठा साग त्यातून तगतो. मरतात ती बोटभर उंचीची रोपं, जमिनीवरची तितराची आणि रातव्याची अंडी, आणि पळता न येणारं सगळं. दरवर्षी जळणाऱ्या उतारावर हळूहळू फक्त आग सोसणारी झाडं उरतात.

ही आग आपसूक लागत नाही, लावली जाते. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती पाल्यात हरवू नयेत म्हणून झाडाखाली काडी टाकली जाते. जाळलं की तेंदूला कोवळी पानं भरपूर फुटतात, गवत चांगलं येतं, असा समज आहे. कधी विडीचं थोटूक, कधी कोणावर तरी राग. मोह वेचणाऱ्या बाईला मी दोष देऊ शकत नाही. चार पायल्या फुलांवर तिच्या घरातला पुढचा महिना अवलंबून असतो. पण झाडाखाली जुनं लुगडं अंथरलं तरी फुलं तितकीच मिळतात, आणि तसं करणारी घरं मेळघाटात आहेत, हेही काकांनीच सांगितलं. त्यांची बायको तसंच करते.

आग दिसली की काय करतात, हे मी त्यांना खोदून खोदून विचारलं. आधी दिशा सांगायची, वॉकीटॉकीवर. मग जवळची माणसं पायी निघतात, कारण गाडी पोचत नाही अशाच जागी आग असते. पाठीवर ब्लोअर असेल तर आगीच्या पुढे जाऊन पाला उडवून पट्टा मोकळा करायचा. नसेल तर दाताळ्यानं ओढायचा. हिरव्या फांद्यांनी कडेकडेनं झोडपत जायचं, मधे शिरायचं नाही. चढावर आगीच्या वरच्या अंगाला कधी उभं राहायचं नाही, कारण ती चढ धावत चढते. फारच मोठी असेल तर समोरून दुसरी आग लावून तिला भिडवायची. हे सांगताना ते हातानं उतार काढून दाखवत होते. त्यांच्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी गुळगुळीत आणि फिकट होती. त्याबद्दल मी विचारलं नाही.

अमेरिकेत मनोऱ्यावरच्या या टेहळणीला मोठा इतिहास आहे. 1910 च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळालं, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्यानंतर तिथे शिखराशिखरावर मनोरे आणि खोल्या उभ्या राहिल्या. उन्हाळाभर एक माणूस एकटा वर राहायचा. खोलीच्या मध्यभागी गोल नकाशा, त्यावर फिरणारी दुर्बिणीसारखी पट्टी. धुरावर ती रोखायची, कोन वाचायचा. दुसऱ्या मनोऱ्यावरूनही कोन आला की दोन रेषा छेदतील तिथे आग. लेखक जॅक केरूआकनं 1956 चा उन्हाळा अशाच एका शिखरावर काढला होता. पुढे विमानं आली, उपग्रह आले, मनोरे ओस पडले. आता त्यातले कित्येक डागडुजी करून रात्रीच्या मुक्कामाला भाड्यानं देतात, आणि लोक त्यासाठी महिनोन्‌महिने आधी नोंदणी करतात. तिथे राखण संपली आणि मुक्काम उरला. आपल्याकडे मुक्काम एका रात्रीचा आहे, राखण अजून चालू आहे.

उपग्रह आपल्यालाही आहेतच. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून उपग्रहांनी टिपलेल्या आगींची सूचना राज्यांना देते, आता ती थेट मोबाइलवर येते. ही सोय मोठी आहे, तिचं मोल मी कमी करत नाही. पण उपग्रह डोक्यावरून दिवसातून मोजक्या वेळा जातो आणि मधल्या तासांत आग वाढत राहते. शिवाय रेंजच नसलेल्या दरीत संदेश पोचणार कसा? काकांचं म्हणणं, ‘मोबाइलले समजाच्या आंदी आमाले वास येते.’

सूर्य बुडाला आणि पूर्वेला, नरनाळा किल्ल्याच्या अंगाला, चंद्र वर आला. नरनाळा हाही मुळात टेहळणीचाच डोंगर. त्याच्या महाकाली दरवाजाचं काम 1487 चं. त्या तटावरून पायथ्याच्या मुलखावर कितीतरी पहारेकऱ्यांनी डोळा ठेवला असेल. चांदण्यात कांडोळाची झाडं आधी उजळली. पांढरी, गुळगुळीत, एकही पान नसलेली. मग सगळा उतार. लोखंड रात्री नऊलाही हाताला गरम लागत होतं.

आणि मग ऐकू यायला लागलं. एवढ्या पाल्यात कोणालाही न वाजता चालता येत नाही. थांबून थांबून येणारा चुरचुराट, काका म्हणाले, सायाळ. मग एकदम खूप पावलं, घाईची, रानडुकरं. रातव्याचं ठकठक चाललेलं, मधेच लांबून भेकराचं भुंकणं आणि त्यापाठोपाठ पूर्ण शांतता. मध्यरात्रीच्या सुमारास एक अस्वल पाणवठ्यावर आलं. दिसायच्या आधी त्याचा श्वास ऐकू आला. ते पाण्यात पुढचे दोन्ही पाय घालून बसलं आणि घोट घेत नव्हे, ओढत प्यायलं, मोठा आवाज करत, बराच वेळ. दिवसभर 42-43 अंशांत तापलेल्या त्या काळ्या केसाळ देहाला ते पाणी किती लागलं असेल! मी कठड्याला छाती टेकून बघत होतो. प्यायचं थांबून त्यानं नाक वर केलं, उत्तरेकडे. हवा हुंगली. पुन्हा हुंगली आणि पाणी सोडून निघून गेलं.

काका तोवर उभे राहिले होते. उत्तरेला, दोन कडांपलीकडे, एक लाल ठिपका होता. गच्चीवरून दिसायचा तसाच, पण इथे त्याचा वास होता. ठिपक्याची रेघ व्हायला वेळ लागला नाही. काकांनी वॉकीटॉकीवर जागा सांगितली. पलीकडून प्रश्न आले, त्यांनी नाल्यांची आणि कडांची नावं घेत उत्तरं दिली. शेवटी ठरलं की आग हद्दीपलीकडची आहे, मध्य प्रदेशच्या बाजूची. माझ्या तोंडून ‘मग बरं’ निघालं. काका म्हणाले, ‘वाऱ्याले हद्द नाई समजत.’ अलीकडच्या जाळरेषेवर माणसं पाठवल्याचं कळेपर्यंत ते खाली बसले नाहीत.

मी मग दक्षिणेकडे पाहिलं. तिथे आमची गावं होती, चांदण्यात विरघळलेल्या बारीक दिव्यांची. त्या दिव्यांखालची जमीन मला ठाऊक आहे. डोंगराच्या पायथ्याला विहिरींना गोड पाणी आणि संत्र्याच्या बागा. पूर्णा नदीकडे उतरत जावं तसा खारपाणपट्टा सुरू होतो. तिथलं पाणी पिकाला चालत नाही, माणसालाही नाही. संग्रामपूर-जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या आजारानं किती घरं खचली, हे इथल्या कुणालाही नव्यानं सांगावं लागत नाही. या गावांसाठी 140 गावांची पाणी योजना झाली, ती वान धरणावरून. वारी भैरवगडच्या त्या धरणात पाणी येतं ते सातपुड्याच्या याच रांगांमधून, नाल्यानाल्यानं. उतारावर पाला असेल तर पहिला पाऊस त्यात मुरतो आणि झिरपत खाली येतो. पाला जळून राख झाली असेल तर तोच पाऊस उघडी माती घेऊन धावत सुटतो. पायथ्याच्या विहिरींना लागायचं पाणी लागत नाही, आणि धरणात गाळ साचतो. म्हणजे लहानपणी मी जी माळ कौतुकानं बघत होतो, ती आमच्याच हंड्याला लागलेली आग होती. हे पुस्तकात वाचून कळलं असतं, पण एकाच जागी उभं राहून डावीकडे आग आणि उजवीकडे गाव दिसल्याशिवाय ते मला इतकं लागलं नसतं.

पहाटे रेघ बारीक होत होत गेली. उजाडता उजाडता फक्त धुराचा थर उरला, दरीत साचलेला. नोंदीच्या कागदावर मी अस्वल, सायाळ, रानडुक्कर, भेकर लिहिलं. आवाजाचं वेगळं, दिसल्याचं वेगळं. आगीसाठी त्यात रकाना नव्हता. मी कागदाच्या मागच्या बाजूला वेळ आणि दिशा लिहून दिली.

सोनाळ्यात चहाला थांबलो तर भेटेल तो एकच विचारत होता, वाघ दिसला का? मी आग दिसल्याचं सांगत होतो. वणवा काय, तो दरसालचाच, म्हणून लोक पुन्हा वाघावर येत होते. हा भाग वाघाला नवा नाही. 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ हजारावर किलोमीटर चालून आपल्याच जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला, ती गोष्ट अजून निघते. पण त्या वाघालाही पाणवठा आणि सावली लागतेच.

मनोऱ्यावरून उतरताना काकांना मी एक विचारलं होतं. खालच्या शाळांमधली मुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये, परीक्षांच्या आधी, एका संध्याकाळपुरती वर आणली तर? पौर्णिमा नको, प्राणीही नकोत. फक्त जाळरेषा दाखवायची, सागाचं पान हातात द्यायचं, उतारावरचा नाला कुठे जातो ते बोटानं दाखवायचं आणि अंधार पडल्यावर त्यांना आपापल्या गावाचे दिवे शोधायला लावायचे. खात्याला विचारावं लागेल, गाडीचं बघावं लागेल, पण अशक्य काही नाही. काका शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबले. 15 जूनपर्यंत त्यांचं रोजचं चढणं-उतरणं चालणारच होतं.

‘आना लेकराइले,’ ते म्हणाले. ‘पन बूट घालून आना. दगडाखाली इच्चू हायेत.’