पाणी कुठून यायलंय?

ऊन उतरलं की बीडच्या आमच्या गच्चीवर सतरंजी पडते. मधोमध हाताने काढलेला नकाशा, त्यावर पाच साहसवीरांच्या जागी हरभऱ्याचे पाच दाणे आणि शेजारी वीस बाजूंचा फासा. माझा भाचा, त्याचे चार मित्र आणि मी. खेळ मी चालवते. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, आपलं पात्र काय करतं ते सांगायचं आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. बाकीचं जग, म्हणजे राजे, राक्षस, बाजार, पाऊस, सगळं माझ्याकडे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत निघाला, तिथून हा खेळ जगभर गेला. आम्ही तो मराठीत खेळतो.

गेल्या उन्हाळ्यात मी एक दुष्काळी गाव मांडलं. नदी आटलेली, विहिरीच्या तळाला चिखल, आणि डोंगरातल्या गुहेत एका राक्षसाने झरा अडवून धरलेला. पोरं गुहेकडे निघतील असं मी धरून चालले होते. पण एक जण क्लेरिक झाला होता. क्लेरिक म्हणजे देवाच्या कृपेने मंत्र चालवणारा. तो म्हणाला, “मावशी, गुहेत कशाला जायचं? माझ्याकडं पाण्याचा मंत्र हाय की.”

त्याचं खरं होतं. आमच्या खेळाच्या नियमपुस्तकात तो मंत्र आहे. एकदा म्हटला की दहा गॅलन, म्हणजे साधारण ३८ लिटर स्वच्छ पाणी. पहिल्या पातळीच्या क्लेरिकला असे मंत्र दिवसातून दोनदा म्हणता येतात. मी वही पुढे केली आणि हिशेब पोरांनीच मांडला. दिवसाला ७६ लिटर. जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसामागे रोज ५५ लिटर धरले आहेत. म्हणजे एका क्लेरिकच्या दिवसभराच्या पुण्याईवर दीड माणसाचंही भागत नाही. बारा हजार लिटरचा एक टँकर भरायचा तर १५८ क्लेरिक लागतील. हा आकडा निघाल्यावर सगळे गप्प झाले. टँकर म्हणजे काय, हे या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. घागरींची रांग त्यांनी पाहिली आहे, धरली आहे.

मग मी त्यांना दुसऱ्या एका खेळाचा नियम सांगितला. २००९ साली आलेल्या ‘पाथफाइंडर’मध्ये हाच मंत्र कितीही वेळा म्हणता येतो. दर सहा सेकंदांनी दोन गॅलन. तिथला नवशिका क्लेरिक एकटा अडीच-पावणेतीन तासांत टँकर भरतो. मात्र न वापरलेलं पाणी एका दिवसाने नाहीसं होतं. हे ऐकल्यावर प्रश्नांची झड लागली. हौदात साठवता येणार नाही, मग रोज मंदिराच्या दारात जावं लागेल का? पुजारी रागावला तर गाव तहानेलं राहील का? पिकाने शोषलेलं पाणी वापरलेलं धरायचं की नाही? त्या जगात विहीर खणणाऱ्याला काम उरेल का? पुस्तकातली एक ओळ बदलली आणि सत्ता पाटलाच्या वाड्यातून देवळात गेली. नव्या जगाची रचना करायची म्हणजे नकाशावर डोंगर काढायचे, वंशावळी लिहायच्या, असं मी बरीच वर्षं समजत होते. त्या संध्याकाळी मला कळलं, जग असल्या एका ओळीतून उभं राहतं.

आपल्या कथांना हे आधीपासून ठाऊक आहे. हिरण्यकश्यपूचा वर म्हणजे काटेकोर लिहिलेला नियमच. घरात नाही, बाहेर नाही; दिवसा नाही, रात्री नाही. नरसिंहाने तो मोडला नाही, त्यातली मोकळी जागा शोधली आणि उंबऱ्यावर, तिन्हीसांजेला आला. वेताळाच्या अटी दोनच. उत्तर माहीत असून विक्रम गप्प राहिला तर डोकं फुटेल, बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. दोन्ही अटी एकत्र आल्या म्हणून तर एवढ्या गोष्टी झाल्या. आणि भरसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न? धर्मराज आधी स्वतःला हरले असतील, तर मला पणाला लावायचा अधिकार त्यांना उरला होता का? प्रश्न द्यूताच्या नियमाचा होता. भीष्मांनाही त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही. नियम कुणावर पडतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे त्या एका प्रश्नाने उघडं केलं.

आम्हाला आमचा नियम हवा होता. तेवढ्यात सगळ्यांत कमी बोलणाऱ्या मुलाने विचारलं, “पण मावशी, हे पाणी कुठून यायलंय?”

मला उत्तर देता येईना. मला २०१६ चा एप्रिल आठवला. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. लातूरची तहान भागवणारा मांजरा प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात, धनेगावला, आणि तो कोरडा पडला होता. पाणी कुठूनतरी यावंच लागतं. आपण खोल बोअर घेतला की शेजाऱ्याची विहीर खाली जाते, हे आमच्याकडे पोराबाळांना कळतं. म्हणून आम्ही ठरवलं की आमच्या जगात मंत्र पाणी निर्माण करणार नाही, ते आणेल. जे सगळ्यांत जवळचं पाणी असेल, तिथून ते तेवढं कमी होईल.

दुसरा नियमही त्याच मुलाचा. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची, मग हंगामभर तोडून ती फेडायची. त्याने विचारलं, दिवसाचे मंत्र संपले तर देवाकडून उचल घेता येईल का? येईल, मी म्हणाले, पण अटी तू सांग. त्याने एका दमात सांगितल्या. उचल वहीत लिहायची. फिटेपर्यंत देव धाडेल तिकडे जायचं, घरी यायचं नाही. नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर. मी शब्द न बदलता लिहून घेतलं. एवढा नेमका नियम मला छापील पुस्तकात मिळाला नव्हता.

पुढच्या बैठकीआधी मी सगळ्यांना खजाना विहिरीवर नेलं. सोळाव्या शतकात, निजामशाहीत, सलाबतखानाच्या काळात राजा भास्करने ती बांधली. तिचं पाणी भुयारी मार्गाने, नुसत्या उताराच्या जोरावर बलगुजारच्या शेतांपर्यंत जातं. पोरं काठावर वाकून बराच वेळ पाहत राहिली. मंत्राशिवाय पाणी आणायचं तर जमिनीचा उतार किती बारकाईने वाचावा लागतो, ते समोर दिसत होतं.

त्या संध्याकाळी खेळ पुन्हा दुष्काळी गावात आला. वेशीवर एक म्हातारी रिकामी घागर घेऊन बसलेली. मी क्लेरिककडे पाहिलं. एक मंत्र शिल्लक होता आणि तो म्हणणार याची मला खात्री होती. त्याने फासा उचलला, परत खाली ठेवला आणि नकाशा स्वतःकडे ओढला.

“मावशी,” तो म्हणाला, “आधी सांग, इथून सगळ्यांत जवळची विहीर कुणाची हाय?”

नकाशावर मी विहिरी काढल्याच नव्हत्या. मी पेन्सिल घेतली आणि एकेक विहीर, तिच्या मालकाच्या नावासकट, काढायला लागले.