जेवणाचें कुपन

गेल्या आषाढांत आम्ही कशेळ्यास गेलों, तें एका जुन्या सहाध्यायाला भेटावयास. कर्जतहून निघालेली एस. टी. कशेळ्याच्या नाक्यावर थांबली, तेव्हां पाऊस असा कोसळत होता कीं, रस्त्यापलीकडचीं भातखाचरें दिसेनाशीं झालीं होतीं. आमच्याबरोबर पांचसात तरुण उतरले. त्यांना खांडसच्या वाटेनें भीमाशंकर चढावयाचा होता. त्यांनीं आमच्याकडे ज्या आदरानें पाहिलें त्यावरून, आम्हीहि शिडीच्या वाटेनें जाणार, असा त्यांचा समज झाला असावा. आम्ही मात्र समोर दिसलेल्या पहिल्या खाणावळींत शिरलों. आमचा स्नेही बारा वाजतां येणार होता. आतां कोठें अकरा वाजत होते.

बांकावर बसल्याबरोबर आमचा हात संवयीनें खिशांत गेला. मोबाइल काढून, ह्या नाक्यावर कोणाचें जेवण शेंकडा किती सवलतीनें मिळतें, तें आम्ही पाहूं लागलों. यंत्रानें बराच वेळ चाक फिरविलें आणि आसपास कांहीं आढळत नाहीं, असा जबाब दिला. तेव्हां आम्हीं खाणावळीच्या बाईंनाच विचारलें,

“येथें कांहीं सवलत वगैरे मिळते का?”

“सवलत म्हंजे?”

“म्हणजे कुपन असलें तर थोडें कमी, असें कांहीं?”

बाईंनीं आमच्याकडे पाहिलें, मग आमच्या गळत्या छत्रीकडे पाहिलें. “भात लागंल तेवढा घ्या, काका. त्याचं वेगळं पैसं नाय,” असें म्हणून त्या चुलीकडे वळल्या.

ह्या उत्तरानें आम्ही वरमलों, असें लिहावयास बरें वाटलें असतें. परंतु खरें सांगावयाचें तर, दुसऱ्यांदा भात घेतल्यास ती शेंकडा किती सूट पडेल, ह्याचा हिशेब आम्हीं तेथल्या तेथें मांडला.

हा आमचा जुना रोग आहे. आम्हांला पगार बरा आहे, घरांत खाणारीं तोंडें चारच, आणि तरीहि पूर्ण दाम देऊन बाहेर जेवलों, तर तें जेवण आम्हांला अंगीं लागत नाहीं. कोठें जावयाचें हें आमच्या घरीं जिभेवरून ठरत नसून कुपनावरून ठरतें. आम्हीं सायंकाळीं पांच वाजतां रात्रीचें जेवण घेतलेलें आहे, कारण सवलतीची वेळ सहाला संपत होती. एकावर एक फुकट मिळतें म्हणून, मुलीला मुळींच न आवडणारा पदार्थ दोनदां मागविलेला आहे. कुपनाच्या पायाशीं एक बारीकशी चांदणी असते आणि त्या चांदणीच्या पोटांत अटींचें एक विश्व असतें. तें वाचण्यासाठीं आम्ही चष्मा बदलूं लागलों कीं, मुलें दुसऱ्या मेजावरच्या लोकांकडे पाहूं लागतात. आमचें कुटुंब एकदां म्हणालें, “अहो, आपण जेवायला आलों आहोंत कीं पेपर तपासायला?” चार्ल्स लॅँबनें भाजलेल्या डुकरावर एवढा बहारीचा निबंध लिहिला, त्याला जर वीस टक्क्यांची सूट मिळाली असती, तर त्यानें तो लिहिला असता कीं नाहीं, ह्याची आम्हांला शंका आहे.

ह्या रोगाचें मूळ पुण्यास आहे. १९८९ च्या सुमारास आम्ही तेथें बी. ए. च्या वर्गांत होतों, आणि पेठेंतल्या एका खाणावळींत जेवत होतों. महिन्याचे पैसे आगाऊ भरले म्हणजे मालक साठ कुपनें मोजून देत: तीस गुलाबी, दुपारचीं, तीस पिवळीं, रात्रींचीं. रोख पैसे देऊन जेवणाराला एका जेवणास सहा रुपये पडत; आमचें कुपन साडेचाराला पडे. गांवीं जावयाचें असल्यास आदल्या दिवशीं सांगितलें तरच ‘खाडा’ मिळे. न सांगतां गेल्यास कुपन फुकट. रविवारीं दुपारीं फीस्ट, म्हणजे एक वाटी श्रीखंड किंवा बासुंदी. दुसऱ्या वाटीस वेगळें कुपन. आमटींत डाळ शोधावी लागे. पोळ्या मात्र मोजून नसत, आणि भात तर नसेच नसे.

त्या काळांत कुपन हें आमचें चलनी नाणें होतें. क्रिकेटच्या सामन्यावर पैज लागे ती कुपनांची. कोणाच्या वह्या उतरून दिल्या, तर त्याची मजुरी एक पिवळें कुपन. महिन्याच्या अखेरीस तर ह्या नाण्याचा बाजारभाव ठरे, आणि तो ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें खालींवर होई. अर्थशास्त्राच्या तासाला जें आम्हांला कधींच समजलें नाहीं, तें खाणावळीच्या ओट्यावर समजलें.

पुढें नोकरीच्या निमित्तानें मुंबईस वरचेवर जाणें होऊं लागलें, तेव्हां निरनिराळीं कुपनें पाहण्यांत आलीं. माटुंग्यास रामा नायक ह्यांनीं १९४२ सालीं काढलेलें उडुपी बोर्डिंग आहे. तेथेंहि आधीं कुपन घ्यावें लागे. पण तें रांग सांभाळणारें कुपन. त्यांत सवलत नव्हती, आणि केळीच्या पानावर जें वाढीत, तें पाहिल्यावर सवलत मागण्याची आमचीहि छाती झाली नाहीं. मोठ्या कचेऱ्यांतून नोकरांना सोडेक्सोच्या छापील चिठ्ठ्यांचें पुस्तक मिळे. एका जेवणामागें पन्नास रुपयांपर्यंतच्या अशा चिठ्ठीवर प्राप्तिकर लागत नसे, म्हणून ती दोघांनाहि प्रिय होती. ही कल्पना आपल्याकडे उपजलेली नव्हे. इंग्लंडांत युद्धानंतर, रेशनिंग चालू असतांना, १९४६ सालीं जेवणाच्या चिठ्ठ्यांवर करसवलत देण्यांत आली. हेतु असा कीं, कामकऱ्याच्या पोटांत दुपारीं कांहीं बरें अन्न जावें. पुढें महागाई कोठल्या कोठें गेली. सवलत दिवसाला पंधरा पेन्सवरच राहिली, आणि २०१३ त ती रद्द झाली, तेव्हां पंधरा पेन्सांत तेथें चहाहि मिळत नव्हता.

नोटेपेक्षां कुपन वेगळें तें एवढ्यासाठींच. नोटेनें वाटेल तें घेतां येतें. कुपनानें जेवावेंच लागतें. देणाराचा तसा आग्रह असतो. परंतु घेणारा तो आग्रह क्वचितच मानतो. सोडेक्सोच्या चिठ्ठ्या किराण्याच्या दुकानांतहि चालत, आणि त्यांवर तांदूळ घेणाऱ्या गृहिणीबरोबरच, वाण्याची ओळख असल्यास साबण नेणाऱ्याहि आम्हीं पाहिल्या आहेत. माणसाला कधीं कधीं भुकेपेक्षांहि दुसरें कांहीं अधिक नडलेलें असतें. हें आम्हांला आमच्या खाणावळींतच दिसावयास पाहिजे होतें, पण तेव्हां आमचें लक्ष भावाकडे होतें.

ज्या सहाध्यायाला भेटावयास आम्ही कशेळ्यास गेलों होतों, तो त्याच बाजूच्या एका ठाकरवाडींतला. वसतिगृहांत आमच्या शेजारच्या खोलींत राही. अंगानें किरकोळ, बोलण्यास मंद, पण गणितांत आम्हां सर्वांच्या पुढें. दुसऱ्या वर्षीं दिवाळीनंतर तो एक दिवस आमच्याकडे आला आणि त्यानें आपलीं उरलेलीं सगळीं पिवळीं कुपनें देऊं केलीं. साडेचारांचें कुपन दोन रुपयांस. आम्हीं तीं घेतलीं. पुढल्या महिन्यांत पुन्हां घेतलीं, आणि त्याच्या पुढल्याहि. तीं कुपनें आम्हीं आमच्या पाहुण्यांवर उडविलीं, कांहीं फीस्टच्या दुसऱ्या वाटीसाठीं वापरलीं. तो रात्रीं काय खातो, हें आम्हीं विचारलें नाहीं. त्याचे कोणी नातेवाईक शहरांत असावेत, असा आम्हीं समज करून घेतला होता. तो समज आम्हांला सोयीचा होता.

दुपारीं मात्र तो आमच्याच पंक्तीस असे, आणि त्याचें तें जेवण सबंध खाणावळींत गाजलेलें होतें. पोळ्या संपल्या म्हणजे तो भात घेई, पुन्हां घेई, आणि वाढप्या कंटाळेपर्यंत घेत राही. त्याच्या ताटांतला तो निमुळता ढीग पाहून आम्हीं त्याचें नांव ‘कोथळीगड’ ठेवलें. कोथळीगड हा त्याच्या गांवाकडचा किल्ला. त्याचा सुळका लांबून तसाच दिसतो, आणि ती माहिती आम्हांला त्यानेंच मोठ्या हौसेनें दिली होती. भाताचें पातेलें आलें कीं कोणी तरी ओरडे, “चढा, गड चढा!” तोहि हंसे. आम्ही तर पोट धरून हंसत असूं.

बाराच्या सुमारास तो आला. डोक्यावर प्लॅस्टिकचें खोपट, हातांत भारंगीच्या पाल्याची जुडी. “वहिनींना दे, घरच्या मागची आहे,” म्हणून ती जुडी त्यानें आमच्यापुढें ठेवली. तो आतां जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षक आहे आणि दोन वर्षांनीं निवृत्त होईल. आम्ही जेवावयास बसलों. बोलणें इकडून तिकडून मुलांच्या नोकऱ्यांवर, मग शाळेंतल्या पोरांच्या पोटावर आलें. तो सांगूं लागला कीं, त्याच्या लहानपणीं पावसाळ्याचे चार महिने घरांत दाणा नसे. व्यापाऱ्याकडून खावटी आणावयाची; एक मण भात नेला, तर पीक आल्यावर दीड मण घालावयाचा. पुढें कशेळ्याच्या ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सनें ह्या भागांत धान्यकोष काढले. वाडीचें धान्य वाडींतच सांठवावयाचें, अडीअडचणीला त्यांतूनच न्यावयाचें, आणि वर जें थोडें द्यावयाचें, तेंहि वाडीच्याच कोठींत पडावयाचें. “तुम्हां शहरवाल्यांना आगाऊ पैसे भरले कीं जेवण स्वस्त मिळतं,” तो म्हणाला. “आम्ही आगाऊ जेवायचों, म्हणून आम्हांला महाग पडायचं.”

हें तो हंसत बोलला. आम्हांला मात्र पिवळीं कुपनें आठवलीं, आणि छत्तीस वर्षांत न विचारलेला प्रश्न आम्हीं विचारला. त्यानें क्षणभर आठवून पाहिलें.

“फी होती रे परीक्षेची. आणि धाकटी बहीण आजारी होती, तिकडे थोडे पाठवायचों. तूं होतास म्हणून बरं; दुसरे दीडाच्या वर जात नव्हते. तूं दोन दिलेस.”

“आणि रात्रीं काय खात होतास?”

“रात्रीं कशाला? दुपारींच भात घेऊन ठेवायचों ना! त्याला कुठं मोजदाद होती?”

त्याच्या बोलण्यांत कोठेंहि टोंचणी नव्हती. उलट, ह्या माणसानें आपल्याला बाजारभावापेक्षां आठ आणे अधिक दिले, हें उपकार म्हणून त्याच्या लक्षांत राहिलें होतें. आम्हांला उत्तर सुचेना, म्हणून आम्हीं आमटी ओरपली.

सवलत ही हवेंतून येत नाहीं. ती कोणी तरी भरीत असतो. २०१९ च्या ऑगस्टांत देशांतील शेंकडों उपाहारगृहांनीं ‘लॉगआउट’ म्हणून जी चळवळ केली, ती ह्याचसाठीं कीं, मोबाइलवरच्या सवलती ग्राहकाला मिळत होत्या आणि भुर्दंड गल्ल्यावर बसणाराला पडत होता. २६ जानेवारी २०२० रोजीं शासनानें शिवभोजन थाळी सुरूं केली, तिचा हिशेब निदान उघडा होता: जेवणारानें दहा रुपये द्यावयाचे, वरचे शहरांत चाळीस आणि खेड्यांत पंचवीस सरकारी तिजोरीनें भरावयाचे. तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. दीडशे ग्रॅम भात वाचून आम्हांला त्या वेळीं कांहींच वाटलें नव्हतें. आमच्या कुपनांतले अडीच रुपये कोण भरीत होता, हें कळावयास तिजोरीपर्यंत जाण्याचीहि जरुरी नव्हती. तो भिंतीपलीकडे निजत होता. म्हणजे, निजत होता असें आम्ही धरून चालत होतों.

इतक्यांत बाई भाताचें पातेलें घेऊन आल्या. आम्हीं हात आडवा केला. त्या मास्तरांकडे वळल्या. “वाढूं ना, मास्तर?”

“नको. डॉक्टरांनीं भात बंद केलाय,” तो म्हणाला. “साखर आहे.” आणि त्यानें उरलेली अर्धी भाकरी ताकांत बुडविली.

हात धुण्यास आम्ही मागच्या दारीं गेलों, तेवढ्यांत त्यानें पैसे देऊन टाकले होते. आम्हीं रागावून पाहिलें, आर्जवें केलीं. बाई त्याच्या बाजूच्या, त्या आमची नोट हातांत घेईनात. तो आम्हांला गाडीपर्यंत पोंचवावयास आला. गाडी सुटतांना त्यानें खिडकींतून हात घालून भारंगीची जुडी सरळ करून ठेवली, आणि कडू वाटली तर आधीं उकडून पाणी टाकून द्यावयास सांग, असें दोनदां बजाविलें.

रात्रीं घरीं कुटुंबानें जुडी निवडतां निवडतां विचारलें, “जेवणाचं काय पडलं तिकडे?”

तो आंकडा आम्हांला सांगतां आला नाहीं.