दुधीच्या शेवया आणि पानाची डावी बाजू

‘पथ्याचे ताट’ हा शब्द आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी आला. मामंजींना मधुमेह असल्याचे कळले. डॉक्टरांनी भात, बटाटा आणि मैदा कमी करायला सांगितले, आणि आजवर पंगतीत सर्वांच्या मधोमध बसणाऱ्या मामंजींचे ताट आम्ही वेगळे मांडू लागलो. रविवारी घरात दाल-बाफले असले, की त्यांच्यापुढे दोन फुलके आणि उकडलेली भाजी. ते तक्रार करत नसत. फक्त हळूहळू आमच्या आधीच, साडेसातच्या सुमारास, एकटे जेवून घेऊ लागले. सासूबाईंना त्या साखरेच्या आकड्यांपेक्षा हे जास्त लागले.

त्याच घरात आमची आठवीतली लेक. शाळेतून आली की तिला पुडीतल्या नूडल्स हव्यात, आणि दुधी, दोडका, घोसाळे दिसले की पोट दुखते. एकाला मैदा चालत नाही, दुसरीला मैद्यावाचून चालत नाही! पालकवर्गातल्या अनेकांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

गेल्या वर्षी पुण्याहून आलेल्या नणंदेने एक छोटे यंत्र आणले. त्याला ‘स्पायरलायझर’ म्हणतात. मुलांनो, तुमच्या कंपासपेटीतले शार्पनर आठवा. पेन्सिल फिरवली की लाकडाची गोल साल निघते ना, तसेच हे. पेन्सिलीऐवजी गाजर किंवा दुधीचा तुकडा पात्यावर फिरवायचा, की लांबच लांब शेवया पडतात. जपानमध्ये कच्च्या माशाबरोबर मुळ्याचे असेच केसासारखे बारीक धागे वाढतात आणि तिथले आचारी ते सुरीने काढतात. यंत्र नसले तरी अडत नाही. दुधी किसणीवर आडवा धरून, मध्ये न थांबता एका लांब ओढीत किसला की काम होते. सासूबाई तर विळीवर इतके बारीक काप काढतात, की यंत्राने लाजावे.

कीस हा प्रकार आपल्याला नवा नाहीच. माझे माहेर धारचे. श्रावणात कोवळी कणसे आली, की आई भुट्ट्याचा कीस करायची. इंदूरच्या सराफ्यात हल्ली लोक तो दुरून येऊन खातात. तुपात जिरे, हिंग, हिरवी मिरची, त्यात किसलेली कणसे, मग दूध आणि शेवटी लिंबू. बाजारात आपण मका, दुधी, घोसाळे न म्हणता भुट्टा, लौकी, गिलकी म्हणतो, पण कीस मात्र आपल्याकडेही कीस आणि शेजारच्या माळवी घरातही कीसच. आई तो करताना कढईपासून हलत नसे. दूध पुरते आटून कीस मोकळा होईपर्यंत खाली उतरवायचा नाही, हा तिचा नियम. दुधीच्या शेवयांना हाच नियम लागू पडतो.

दुधीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच असते. त्या शेवया तशाच कढईत टाकून झाकण ठेवले तर त्या उकडतात आणि लगदा होतो. मग लेकच काय, कोणीच खाणार नाही. विज्ञानाच्या तासाला शिकलेले इथे उपयोगी पडते. पदार्थात पाणी आहे तोवर त्याची उष्णता शंभर अंशांच्या फार वर जात नाही. खमंग तांबूस रंग यायला त्याहून बरीच जास्त लागते. म्हणून आधी पाणी घालवायचे, मग भाजायचे.

पाच माणसांना दोन मध्यम दुधी लागतात, कारण भाजल्यावर त्या शेवया अगदी थोड्या उरतात. प्रत्येक दुधीचा लहानसा तुकडा आधी कच्चा चाखावा. कडू लागला तर तो दुधी सरळ टाकून द्यावा, ‘शिजला की चालेल’ म्हणू नये. कडू दुधीत विषारी द्रव्य असते. त्याच्या रसाने झालेल्या विषबाधांबद्दल भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला आहे. गोड दुधीच्या शेवयांना चमचाभर मीठ चोळून पंधरा मिनिटे चाळणीत ठेवाव्यात, मग पंचात घालून घट्ट पिळाव्यात. दोन चमचे तेल, थोडे जिरे, तीळ आणि ठेचलेली मिरची लावून ओव्हनच्या ताटलीत विरळ पसराव्यात. एकमेकींवर ढीग झाला तर त्या पुन्हा वाफेत उकडतात. २२० अंशांवर वीसेक मिनिटे, मध्ये एकदा उलटून. ओव्हन नसेल तर लोखंडी तवा चांगला तापवून थोड्या थोड्या टाकाव्यात आणि कडा तांबूस होईपर्यंत उलथने लावू नये. हे न हलवणेच अवघड जाते, हात शिवशिवतात. वाढताना वरून लिंबू आणि दाण्याचे कूट. आणखी मीठ लागत नाही.

पिळून निघालेले पाणी मी टाकत नाही, त्यात कणीक भिजवते. ते खारट असते, म्हणून वेगळे मीठ घालायचे नाही. ज्या देवासने १९९० साली इंदूरहून रेल्वेने पिण्याचे पाणी येताना पाहिले, त्या गावच्या बाईच्या हातून वाटीभर पाणीही मोरीत जात नाही. सालीची तीळ घालून चटणी होते. पात्यात न सापडणारा मधला गाभा वरणात.

आता खरा वाद. हे पानात वाढायचे कुठे? सासूबाईंच्या मते डाव्या बाजूला, चटणी-कोशिंबिरीच्या ओळीत, कारण हे तोंडीलावणे. माझ्या मते उजवीकडे, कारण मामंजींनी ते चमचाभर नव्हे, पोटभर खावे हा तर सारा खटाटोप! ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९१२-१३ मध्ये पहिल्यांदा देवासला आला आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता. त्याची इथली पत्रे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. एका पत्रात त्याने मेजवानीच्या ताटाचा नकाशा काढून एकेका पदार्थाला आकडे दिले आहेत. एका आकड्यापुढे त्याचा अंदाज, की या बहुधा शेवया असाव्यात. ताटाच्या ज्या बाजूला तिखट पदार्थ होते, त्या बाजूचा तर त्याने धसकाच घेतला. पाहुण्याला आपल्या पानाची डावी-उजवी कोण समजावून सांगणार?

सासूबाईंना मी हे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं. तुला माहीत आहे ना?” म्हणून शेवया डावीकडेच वाढल्या जातात, पण मूठभर.

लेकीला ‘नूडल्स केल्या आहेत’ असे सांगून मी त्या वाढल्या नाहीत. मुले असल्या बाबतीत फसत नाहीत, आणि एकदा फसली तर पुढे खरी गोष्टही खात नाहीत. दुधीच आहे, भाजलेला, एवढेच सांगितले. यंत्र फिरवायचे काम तिच्याकडे दिले. सर्वांत लांब शेवई किती होते, हे ती फूटपट्टीने मोजते. पहिल्या दिवशी तिने फक्त कडेच्या कुरकुरीत तेवढ्या वेचून खाल्ल्या. आता सगळ्या खाते. पुडीतल्या नूडल्स मात्र सुटलेल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. शनिवारी त्या होतातच.

मामंजींची साखर दुधीने उतरली असे मी म्हणणार नाही. त्यासाठी गोळी आहे, आणि शीलनाथ धुनीपर्यंतचा सकाळचा फेरा आहे. पण या शेवया एकाच ताटलीतून सर्वांना वाढता येतात. तीच ताटली त्यांच्यापुढे, तीच आमच्यापुढे. हळूहळू त्यांची जेवायची वेळ साडेसातवरून आठावर आली, मग साडेआठवर, आमच्या वेळेवर. परवा तर लेकीने कुरकुरीत कडा आपल्याकडे ओढल्या म्हणून आजोबा-नातीचे भांडण झाले.

थंडीत लाल गाजरे आली की तीही याच पद्धतीने करता येतात. ती पिळावी लागत नाहीत, पण भाजायला दुधीपेक्षा जास्त वेळ घेतात. रताळ्याच्या शेवया चवीला सर्वांत छान, जिरे-मिरची लावून उपासालाही चालतात. फक्त रताळ्यात पिष्ट भरपूर, म्हणून त्या दिवशी मामंजींना चमच्याने मोजून, आणि मोजायला सासूबाई.