व्यापारी वारे

दिवाळीच्या सुट्टीतला अभ्यास म्हणून माझ्या नातीने परवा अटलांटिक महासागराचा नकाशा रंगवायला घेतला, आणि तिच्या निळ्या पेन्सिलीने मला थेट माझ्या शाळेत नेऊन बसवले. वाऱ्यांचे बाण काढण्यात माझा हात मोठा सफाईदार. गुरुजींनी त्या नकाशाला दहापैकी दहा गुण दिले होते! त्या बाणांवरून काय वाहून गेले, ते मात्र पुष्कळ वर्षांनी कळले.

उत्तर अटलांटिकात वारे आणि प्रवाह घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. लिव्हरपूलची, नांतची शिडाची जहाजे कापड, बंदुका, दारू घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागत. त्या कापडात आपल्या हिंदुस्थानचे सुती कापडही असे. तिथे माल उतरवीत आणि माणसे भरीत. मग व्यापारी वारे गाठून वेस्ट इंडीजची बेटे. आणि तिथली साखर घेऊन पश्चिमी वाऱ्यांवर घरी.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला हे चक्र उलटे फिरते. अंगोलातल्या लुआंडाहून निघालेल्या जहाजाला वारा सरळ ब्राझीलकडे नेई. युरोपचा वळसा कशाला? रिओचे व्यापारी आपली जहाजे परस्परच धाडीत. सर्वांत अधिक गुलाम, सुमारे ४८ लाख, ब्राझीलमध्येच उतरले, त्याचे एक कारण हे.

सोळाव्या शतकापासून १८६६ पर्यंत सुमारे सव्वा कोटी माणसे आफ्रिकेत जहाजांवर चढवली गेली. पलीकडे उतरली एक कोटी सात लाखांच्या आसपास. ही वजाबाकी माझ्या नकाशात कुठेच नव्हती.

वाऱ्याला काय दोष द्यायचा? तो माणसाच्या आधीपासून तसाच वाहत होता. उसाच्या मळ्यांना फुकटचे हात हवे होते ते माणसांना. वाऱ्याने वाट दिली. जहाज भरले माणसांनी.

सणासुदीला लेकराला हे सांगावे का? समोरच्या ताटलीत करंज्या होत्या. मी घुटमळलो; पण पूर्ण गुण मिळवून अडाणी राहण्याची पाळी तिच्यावर यायला नको, म्हणून सांगितले.

ती बराच वेळ गप्प होती. मग बाणाच्या शेपटाशी पेन्सिल टेकवून म्हणाली, “आजोबा, लुआंडातला ‘लु’ ऱ्हस्व की दीर्घ?”