डाळिंबाचा दाणा

गेल्या वर्षी वाङ्मय मंडळाने निबंधवाचनासाठी विषय दिला होता, ‘पुराणातील देवी : स्त्रीच्या दृष्टीतून’. कुणी सीता घेतली, कुणी रेणुका. मी डिमिटर घेतली. ही ग्रीक लोकांची धान्याची देवी. “विसरवाडीच्या पोरीला ग्रीस कशाला हवा गं?” म्हणून मैत्रिणी हसल्या. पण धान्याची देवी आम्हांला परकी नाही. महाशिवरात्रीला आमच्याकडची माणसे बांबूच्या टोपलीत नवे धान्य घेऊन सातपुड्यात, गुजरातेतल्या देवमोगऱ्याला जातात. तिथे याहामोगी आहे. याहा म्हणजे आई. ग्रीकांची आई कशी असेल, हे पाहावे असे मला वाटले.

होमरच्या नावावर मोडणारे एक जुने स्तोत्र आहे, इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातले. त्यात ही कथा येते. डिमिटरची लेक पर्सेफोनी फुले वेचत असता जमीन दुभंगते आणि पाताळाचा राजा हेडीज तिला रथात घालून नेतो. हे लग्न तिच्या बापाने, झ्यूसने, परस्पर ठरवलेले असते. आई हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्यावाचून लेकीला शोधते. शेवटी ती पीकच उगवू देत नाही. दुष्काळ पडतो. देवांचे नैवेद्य बंद होण्याची वेळ येते, तेव्हा कुठे झ्यूस नमतो. पण निघताना हेडीजने लेकीला डाळिंबाचा दाणा दिलेला असतो. पाताळातले अन्न पोटात गेले, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिने पाताळात काढायचा, असा निवाडा होतो.

मी निबंध लिहिला तो आईच्या बाजूने. बापाच्या व्यवहाराविरुद्ध उभी राहिलेली आई, असा त्याचा सूर होता. टाळ्या पडल्या. सरांनी तो वार्षिकांकासाठी मागितला. मात्र तो जसाच्या तसा द्यायला आता माझे मन घेत नाही. त्याचे कारण सांगते.

निबंध मी आईला वाचून दाखवला होता. ती सुपात तांदूळ पाखडत होती. आई मावची बोलते. तिचे म्हणणे मी इथे मराठीत देते आहे. सगळे ऐकून ती म्हणाली, “दाणा म्हणजे उचल गं. एकदा खाल्ली की दरसाल जावं लागतं.”

माझा हात थांबला. आमच्या भागातून दिवाळीनंतर ट्रक भरभरून माणसे गुजरातेत ऊसतोडीला जातात. पावसाळ्यात घरातले धान्य सरते, तेव्हा मुकादम उचल देतो. नवराबायको मिळून एक कोयता. एका वर्षी आई आजारी होती. कोयता तर पुरा करायचाच होता. बापूंनी थोरल्या बहिणीला नेले. ती तेव्हा नववीत होती. पुन्हा ती शाळेत बसली नाही. पुढे तिचे लग्न झाले आणि ती सासरच्या कोयत्यावर जाऊ लागली.

आई सूप खाली ठेवून म्हणाली, “त्या बाईनं पीक बंद पाडलं. मला चूलसुद्धा बंद पाडता आली नाही.”

आखाजीला खानदेशात लेकी माहेरी येतात. ताईही आली. तिच्या हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. रात्री अंगणात मी तिला गोष्ट सांगितली आणि विचारले, “ताई, तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का गं?”

ती म्हणाली, “विचारलं नव्हतं. पण मीच म्हटलं, चला. मी नसते गेले तर बापू तुझं नाव काढणार होते शाळेतून. तुला सांभाळायला ठेवायचं, शाळा कशाला, असं चाललं होतं. ‘ती शिकेल तर मी येते,’ असं मी म्हटलं.”

मी इतकी वर्षे या गोष्टीत स्वतःला कुठेच धरले नव्हते. ज्या बाकावर बसून मी देवींवर निबंध लिहिते, तो बाक ताईच्या त्या दाण्याने घेतलेला आहे.

मग मी स्तोत्र पुन्हा वाचले. त्यात एक जागा माझ्या नजरेतून सुटली होती. कवी सांगतो, हेडीजने दाणा चोरून दिला. पुढे लेक स्वतः आईला सांगते, तेव्हा म्हणते की तो मला बळेच खायला लावला. एकाच काव्यात त्या दाण्याच्या दोन हकिकती! आईची बाजू घेण्याच्या भरात लेकीचे बोलणे मी वाचलेच नव्हते.

आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांतून बायकांनी सीतेला आपली करून घेतले. डॉ. तारा भवाळकर यांनी हे आयुष्यभर दाखवून दिले. २०२५ साली दिल्लीच्या ९८व्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. ओवी गाणारी बाई सीतेचे दुःख आपल्या दुःखावरून ओळखत होती. मी मात्र पर्सेफोनीला ग्रंथालयात शोधत राहिले आणि घरची विचारायची राहून गेली.

मित्रमैत्रिणींनो, म्हणून जुना निबंध मागे ठेवून हा लिहिला. दिवाळीनंतर ताईचा ट्रक पुन्हा महामार्गाला लागेल. जाण्यापूर्वी हा लेख मी तिला वाचून दाखवणार आहे. तिने काही खोडायला सांगितले, तर ते खोडीन.

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला