राणी कलर बेपत्ता!

आमच्या विंगमधल्या बारा जणांनी वर्गणी काढून एक टँकवाला कलर प्रिंटर घेतलाय. कारण सांगायला नको. सबमिशनच्या आठवड्यात गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात लागणारी रांग ज्यांनी पाहिलीय, त्यांना ते ठाऊक आहे. वर्षभर या गड्याने जर्नलं, असाइनमेंट्स, एकदा तर गॅदरिंगचे पासही छापले. पण दिवाळीच्या सुट्टीहून आम्ही परतलो आणि प्रोजेक्टच्या पहिल्या रिव्ह्यूला तीन दिवस उरलेले असताना महाराजांनी असहकार पुकारला.

माझ्या रूमपार्टनरचं प्रोजेक्ट कनेक्टिंग रॉडच्या स्ट्रेस ॲनालिसिसचं. स्क्रीनवर सगळं व्यवस्थित: कमी स्ट्रेस तिथे निळा, मग हिरवा, पिवळा, आणि सगळ्यात जास्त तिथे लालभडक. कागदावर मात्र लाल औषधालाही नाही! रॉड जिथे तुटणार तो भाग पिवळाधमक. "मॅक्झिमम स्ट्रेस कुठे आहे, दाखव," असं गाइडने म्हटलं तर हा बिचारा काय दाखवणार? सहा महिन्यांचं काम आणि निकाल चुकीच्या रंगात.

रंगांवरूनच अर्धं निदान झालं. प्रिंटर लाल रंग बनवतो तो पिवळ्यावर मॅजेंटा टाकून, आणि निळा बनवतो तो आकाशीवर मॅजेंटा टाकून. मॅजेंटा म्हणजे आपल्या साडीवाल्यांचा राणी कलर. तो गेला की लालाचा पिवळा होतो, निळ्याचा आकाशी होतो आणि हिरव्याला काहीच होत नाही. आमच्या रॉडचं नेमकं तेच झालं होतं.

शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवाल्याने तोवर हेड क्लिनिंगचं बटण चार वेळा दाबलं होतं. "चोकअप आहे रे, अजून दोनदा मार!" विंगचं एकमत. मला हा प्रकार म्हणजे ताप न मोजता क्रोसिन देण्यासारखा वाटतो. क्लिनिंग म्हणजे पंप लावून हेडमधून शाई ओढून काढणं. ती शाई जाते कुठे? प्रिंटरच्या पोटातल्या स्पंजासारख्या पॅडमध्ये. म्हणजे आपली शाई फुकट, आणि ते पॅड भरत आल्याचा हिशेब लागला की प्रिंटर एक दिवस काम करायलाच नकार देतो.

मुळात चोकअप होतो का? हेडला शेकडो भोकं असतात, एकेक केसाच्या जाडीपेक्षा बारीक. काही प्रिंटरमध्ये शाई क्षणात तापवून बुडबुड्याच्या जोरावर थेंब फेकतात, काहींत पिझो क्रिस्टलला व्होल्टेज देऊन शाईला धक्का देतात. आमचा दुसऱ्या जातीचा. कसंही असो, शाईतला मोठा भाग पाणीच. ती लवकर सुकू नये म्हणून ग्लायकॉलसारखे पदार्थ घातलेले असतात, पण तीन आठवड्यांच्या सुट्टीपुढे त्यांचंही काही चालत नाही. म्हणून काम संपलं की हेड एका कोपऱ्यात जाऊन रबरी कडेच्या टोपीवर बसतं. ही टोपी घट्ट बसली तर शाई ओली राहते. ती बसायच्या आधीच कुणी बोर्डावरचं बटण बंद केलं, तर हेड उघडंच राहतं. आता सुट्टीला जाताना घाईत बटण कुणी बंद केलं, हा विंगमधला संशोधनाचा विषय आहे, तो इथे नको.

तर मी आधी नोझल चेक छापलं. एक पान, चार रंगांच्या पायऱ्यांसारख्या बारीक रेघा. एक रेघ म्हणजे एक भोक. काळा, पिवळा, आकाशी पूर्ण, मॅजेंटाच्या मोजक्या रेघा शिल्लक. टाकीत शाई खालच्या खुणेच्या वर आहे, हे पाहून घेतलं. मग एकदाच क्लिनिंग आणि पुन्हा चेक. इथे दोन्ही पानं शेजारी धरून बघायची. गायब रेघा दर वेळी जागा बदलत असतील तर बहुधा आत हवा शिरलीय किंवा शाई पुरत नाहीये. त्याच जागी ठिय्या मारून असतील तर शाई सुकलीय. आमच्या रेघा जागच्या हलल्या नव्हत्या.

पण मग पाच क्लिनिंगचा काडीचाही परिणाम का नाही? शंका आली टोपीची. प्रिंटर चालू केला, हेड कोपऱ्यातून बाहेर येताच वायर काढली (मध्येच वायर काढणं माफ असलेला हा एकच प्रसंग), हेड हळूच बाजूला सरकवलं आणि टोपीत डिस्टिल्ड वॉटरचे थेंब टाकले. क्लिनिंग करून पुन्हा पाहिलं, तर पाणी जवळपास तसंच! पंप नुसताच घरघरत होता, ओढत काहीच नव्हता. टॉर्च मारला तेव्हा रबराच्या कडेवर एका कोपऱ्यात सुकलेल्या शाईचा खपला आणि त्यात अडकलेला एक केस दिसला. एवढ्याशा फटीतून हवा आत येत होती.

कानात घालायची कापसाची काडी ओली करून कड पुसली. पाणी गाडीच्या बॅटरीत घालतात तेच, दुकानातून आणलेलं. मेसच्या नळाचं नाही, त्यातले क्षार भोकांत बसले तर संपलंच. पुन्हा थेंब टाकले, या वेळी पंपाने ते ओढले. मग थोडं पाणी टोपीत ठेवून हेड रात्रभर त्यावर बसवून ठेवलं. रूमपार्टनर दर तासाला उठून "आता मारू का क्लिनिंग?" विचारत होता. त्याला झोपवणं हे सगळ्यात अवघड काम.

सकाळी एक क्लिनिंग. दोन रेघा सोडून सगळ्या आल्या. दुपारी आणखी एक, आणि पान पूर्ण! संध्याकाळी कनेक्टिंग रॉडला त्याचा लाल डाग परत मिळाला.

आता प्रिंटरवर कागद चिकटवलाय: आधी प्रिंटरचं बटण, हेड कोपऱ्यात गेल्याचा आवाज, मगच बोर्ड. आठवड्यातून एक तरी रंगीत पान. खिडकीच्या उन्हात आणि पंख्याखाली ठेवायचा नाही. सुट्टीत तो गावातच राहणाऱ्या एका डे-स्कॉलरच्या घरी मुक्कामाला जातो. दर रविवारी त्याची धाकटी बहीण शाळेसाठी एक चित्र छापते. कुठलंही चालेल, फक्त त्यात राणी कलर पाहिजे, एवढीच आमची अट आहे.